आईच्या दातांवरच्या उभ्या रेघा : अमेलोजेनिनच्या एका प्रकरणाचा अभ्यास

आठ वर्षांचा मुलगा. तक्रार एका ओळीची : दात पिवळे, थंड सहन होत नाही. आधीच्या दवाखान्यातून आलेल्या चिठ्ठीवर 'फ्लोरोसिस', म्हणजे जादा फ्लोराइडने होणारा दातांचा विकार, असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. पहिल्या दिवशी माझ्या केसपेपरवर मीही तेच लिहिलं, फक्त प्रश्नचिन्ह गाळलं. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्या गाळलेल्या प्रश्नचिन्हामुळे.

मुलगा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "हवा मारायची नाही." थ्री-वे सिरिंजची हवा दातांवर बसली की काय होतं हे त्याला पाठ होतं. तोंड उघडलं तेही थोडंसं, जीभ पुढच्या दातांआड धरून. मग लक्षात आलं, तो श्वासही ओठ मिटूनच घेत होता. बाहेरची हवासुद्धा त्याला नको होती.

आत दिसलं ते असं. वरचे मधले दोन दात, खालचे चार पुढचे दात आणि चारही पहिल्या पक्क्या दाढा आलेल्या. सगळ्यांचा रंग जुन्या वहीच्या कागदासारखा पिवळट-तपकिरी, चकाकी अजिबात नाही. दाढांच्या कडांचे टवके उडालेले. प्रोबचं, म्हणजे तपासणीच्या अणकुचीदार हत्याराचं, टोक हलकेच ओढलं तर इनॅमलवर, दाताच्या बाहेरच्या थरावर, ओरखडा उठला. निरोगी इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्यावर प्रोब घसरतो, रुतत नाही. इथे वाळलेल्या खडूवर टोक फिरवल्यासारखं लागत होतं. हिरड्या सुजलेल्या, दातांच्या बुंध्याशी कीट साचलेलं. ब्रश लागला की शिवशिवतं, म्हणून तो ब्रश टाळत होता आणि ब्रश टाळल्यामुळे हिरड्या सुजत होत्या.

मी आईला दात घासण्यावरून चांगलं दहा मिनिटांचं भाषण दिलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली, बोलली अगदी थोडं. ती बोलतानाही ओठ फार उघडत नव्हती. ते माझ्या डोळ्यांपुढे होतं, पण मी पाहिलं नाही.

फ्लोरोसिस का नाही

एक्स-रे हातात आले तेव्हा पहिली शंका आली. निरोगी मुलाच्या बाइटविंग एक्स-रेत इनॅमल पांढऱ्या शुभ्र टोपीसारखं दिसतं आणि त्याखालचं डेंटीन करडं. दोन्हींमधली सीमा पेन्सिलीने आखल्यासारखी असते. या मुलाच्या एक्स-रेत टोपीचा आकार बरोबर होता, जाडीही पूर्ण होती, पण टोपी आणि डोकं एकाच करड्या रंगाचं. म्हणजे इनॅमल जितकं बनायला हवं तितकं बनलं होतं, पण त्यात खनिज नीट भरलं नव्हतं. दात एकमेकांना नीट टेकलेले होते, मध्ये फटी नव्हत्या. इनॅमल पातळ पडलं असतं तर दात सुटे-सुटे दिसले असते.

मग मी चौकशीला बसले, पहिल्या दिवशीच बसायला हवं होतं तशी. दुधाचे दात कसे होते? "असेच. आले तेव्हापासूनच पिवळे." हे उत्तर मोठं होतं. फ्लोरोसिसचा भर पक्क्या दातांवर असतो. दुधाचे दात बहुतेक वेळा त्यातून बऱ्यापैकी सुटतात. त्यातून, त्याच घरात तेच पाणी पिऊन वाढलेल्या बारा वर्षांच्या मोठ्या बहिणीचे दात स्वच्छ, पांढरे. पाणी तपासून घेतलं, फ्लोराइड मर्यादेत होतं. पहिल्या दाढा आणि पुढचे दात एवढ्यांनाच धरणारा एक विकार असतो, मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन. त्यात डागांच्या कडा ठळक असतात आणि बाकीचे दात धड असतात. इथे धड असा एकही दात नव्हता. लहानपणी मोठा ताप, कुपोषण किंवा दीर्घ आजार होऊन गेला, तर त्या काळात जेवढं इनॅमल बनत होतं तेवढ्याच पट्ट्यात दोष दिसतो आणि तो पट्टा आडवा असतो.

इनॅमल वाचायला शिकवताना विद्यार्थ्यांना मी हेच सांगते, की आडवी रेघ काळाची असते. अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी रोज साधारण ४ मायक्रोमीटर इनॅमल घालतात, दाताच्या टोकापासून मानेकडे सरकत जातात, आणि झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी त्यांच्या कामाची नोंद आडवी उमटत जाते. पहिल्या पक्क्या दाढेचं खनिजीभवन जन्माच्या सुमारास सुरू होतं, तिचं इनॅमल अडीच ते तीन वर्षांपर्यंत पुरं होतं. वरच्या मधल्या दातांचं काम तीन-चार महिन्यांच्या वयात सुरू होऊन चार-पाच वर्षांपर्यंत चालतं. त्यामुळे कुठल्या दातावर किती उंचीवर रेघ आहे यावरून आजार कोणत्या महिन्यात झाला याचा अंदाज बांधता येतो. या मुलाच्या दातांवर आडवी रेघ एकही नव्हती. टोकापासून मानेपर्यंत, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकसारखा बिघाड. एखाद्या काळात बाहेरून काही आलं असं म्हणायला जागाच उरली नाही. दोष मालातच असणार.

इनॅमल घडण्यातच जन्मजात दोष असलेल्या या विकारगटाला अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात. तो किती आढळतो याचे आकडे जागोजागी फार वेगळे आहेत. उत्तर स्वीडनमधल्या एका पाहणीत साधारण ७०० माणसांत एक, अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या जुन्या पाहणीत १४,००० मुलांत एक. अर्थात अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा हे नाव म्हणजे आडनाव झालं. नेमका माणूस कोण ते त्यातून कळत नाही. या नावाखाली डझनभराहून जास्त जनुकांचे दोष येतात. काही थेट इनॅमलच्या मॅट्रिक्समधल्या, म्हणजे इनॅमल ज्यात घडतं त्या आधारद्रव्यातल्या प्रथिनांचे, काही ती प्रथिनं कापणाऱ्या विकरांचे, काही पेशीच्या आतल्या यंत्रणेचे.

तिसरी भेट

तिसऱ्या भेटीत मुलाने मास्क लावलेल्या माझ्या मदतनीस मुलीला काहीतरी विचारलं आणि त्याची आई खळखळून हसली. दुपारचं ऊन खिडकीतून थेट तिच्या तोंडावर होतं. वरच्या दातांवर उभ्या रेघा दिसल्या. एक पट्टा चकचकीत, शेजारचा धुरकट पांढरट, पुन्हा चकचकीत, पुन्हा धुरकट. पडदा चुण्यांनी सोडल्यासारखं.

तिने लगेच ओठ मिटले. "ते लहानपणच्या औषधाचे डाग आहेत," ती म्हणाली.

परवानगी घेऊन मी तिला खुर्चीत बसवलं. दातांच्या मागून प्रकाश टाकला तशा रेघा आणखी स्पष्ट झाल्या. टोकापासून मानेपर्यंत सलग, प्रत्येक दातावर, रुंदी मात्र प्रत्येकीची वेगळी. नख फिरवून पाहिलं तर नखाला काही लागलं नाही. ही बारीक गोष्ट महत्त्वाची होती. याच विकाराच्या दुसऱ्या प्रकारात, जिथे इनॅमल पातळ पडतं, तिथे बायकांच्या दातांवर पन्हळी पत्र्यासारखे उंचवटे आणि खाचा हाताला लागतात. इथे पृष्ठभाग सपाट, फरक फक्त डोळ्याला. म्हणजे जाडी पुरी, पक्वता अपुरी, मुलाच्या एक्स-रेने सांगितलं होतं तसंच.

आडवी रेघ काळाची, तशी उभी रेघ पेशींच्या वंशाची. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, पण त्यांतलं एकच चालू राहतं. गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी दोघांपैकी एक बंद करते, आणि पुढे तिच्या पोटी येणाऱ्या सगळ्या पेशी तोच निर्णय पाळतात. मेरी लायन यांनी १९६१ साली उंदरांच्या रंगावरून हे मांडलं. दाताच्या मानेकडच्या टोकाशी पेशी विभाजित होत जातात, आणि एका मूळ पेशीची वंशावळ दाताच्या टोकापासून मानेपर्यंत साधारण एका रांगेत लागते. एका रांगेने चांगलं एक्स चालू ठेवलं, तिचं इनॅमल चकचकीत. शेजारच्या रांगेने बिघडलेलं ठेवलं, तिचं धुरकट. आईच्या दातांवर हा गर्भावस्थेतला निवाडा कोरून राहिला होता. अमेलोब्लास्ट दात उगवताना नाहीसे होतात, इनॅमलची दुरुस्ती शरीर कधीच करत नाही, त्यामुळे ती नोंद पुसलीही जात नाही. मुलाकडे एक्स एकच. त्याच्या सगळ्या रांगा बिघडलेल्या, म्हणून पट्टे नाहीत, सगळा दातच धुरकट.

"तुमच्या माहेरी असे दात कोणाचे आहेत का?" मी विचारलं.

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "भावाचे. पण त्याने बाविसाव्या वर्षीच सगळ्या दातांना कॅप बसवून घेतल्या. हसताना अजून तोंडावर हात धरतो."

वंशवृक्ष काढायला दोन मिनिटं पुरली. कागदावर लिहिलेला फ्लोरोसिस मी खोडला.

हे प्रथिन नेमकं करतं काय

एक्स गुणसूत्रावर इनॅमलशी थेट संबंध असलेलं ठळक जनुक एकच, अमेलोजेनिनचं. दात घडताना पेशींच्या बाहेर जे आधारद्रव्य ओतलं जातं, ज्याला आपण मॅट्रिक्स म्हणतो, त्यातला हा सर्वांत मोठा घटक. पण मॅट्रिक्सचं नाटक अमेलोजेनिनच्या कितीतरी आधी सुरू होतं.

गर्भाच्या सहाव्या आठवड्यात जबड्याच्या कडेने एपिथेलियमची, म्हणजे आवरणाच्या पेशींची, पट्टी आत वळते आणि तिच्याखाली दुसऱ्या जातीच्या, म्हणजे मेसेन्काइमच्या पेशी दाटी करतात. या दोन जातींमध्ये एक पातळ पडदा असतो, बेसमेंट मेम्ब्रेन. त्यात कोलॅजेन ४, लॅमिनिन, निडोजेन, पर्लेकन असे घटक. मेसेन्काइमच्या बाजूला फायब्रोनेक्टिन. हा पडदा नुसती भिंत नाही, निरोप्याचंही काम करतो. त्याला टेकलेल्या मेसेन्काइमच्या पेशी लांबट होतात, त्यांचं केंद्रक पडद्यापासून दूर सरकतं आणि त्या ओडोंटोब्लास्ट बनतात. त्या डेंटीनचा मॅट्रिक्स घालू लागतात, बहुतांश कोलॅजेन १. मग पडदा विरघळतो, आणि पलीकडच्या एपिथेलियमच्या पेशींना जणू 'आता तुमची पाळी' असा इशारा मिळतो. त्या अमेलोब्लास्ट होऊन डेंटीनच्या अंगावर इनॅमल घालायला लागतात. डेंटीन आधी, इनॅमल नंतर. हा क्रम उलटत नाही. पडद्यातलं लॅमिनिन-३३२ सदोष असेल तर कातडीवर फोड येतातच, पण दातांच्या इनॅमललाही खड्डे पडतात. कातडीच्या डॉक्टरांनी पाठवलेली मुलं म्हणूनच आमच्याकडे येतात.

डेंटीन आणि इनॅमल, दोन्हींचा मॅट्रिक्स खनिज धरण्यासाठी असतो, पण दोघांचा हिशेब अगदी उलटा आहे. डेंटीनमध्ये मॅट्रिक्स कायमचा राहतो. लोखंडी सळया काँक्रीटमध्ये राहाव्यात तसे कोलॅजेनचे धागे खनिजात गाडले जातात. पक्व डेंटीनच्या वजनात साधारण २० टक्के सेंद्रिय भाग असतो. इनॅमलमध्ये मॅट्रिक्सला जावं लागतं. तो सळई नाही, सेंट्रिंग आहे. स्लॅब ओतेपर्यंत फळ्या हव्यात, पण वेळेवर काढल्या नाहीत तर घर राहण्याजोगं होत नाही.

आकड्यांत सांगायचं तर नव्याने घातलेल्या इनॅमलच्या वजनात प्रथिनं साधारण २० ते ३० टक्के असतात. त्यांतलं जवळजवळ ९० टक्के अमेलोजेनिन, उरलेल्यात एनामेलिन आणि अमेलोब्लास्टिन. पक्व इनॅमलमध्ये मात्र सुमारे ९६ टक्के खनिज, सेंद्रिय भाग जेमतेम एक टक्का, बाकी पाणी. म्हणजे जे प्रथिन दात घडवतं ते घडलेल्या दातात जवळपास सापडतच नाही. पडलेला निरोगी दात घेऊन त्यात अमेलोजेनिन शोधायला जाल तर हाती अवशेष तेवढे लागतील.

अमेलोजेनिन हे प्रोलिन, ग्लुटामिन, ल्युसिन, हिस्टिडिन या अमिनो आम्लांनी भरलेलं प्रथिन. पेशीबाहेर आलं की त्याचे रेणू आपसूक एकत्र येऊन सुमारे २० नॅनोमीटर व्यासाचे सूक्ष्म गोळे करतात. हायड्रॉक्सीअॅपेटाइट या इनॅमलच्या खनिजाच्या फितीसारख्या स्फटिकांना हे रेणू जागेवर धरतात, शेजारच्या स्फटिकाला चिकटू देत नाहीत, लांबीत वाढू देतात आणि जाडीत तूर्त अडवतात. स्फटिक वाढताना आम्ल सुटतं. हायड्रॉक्सीअॅपेटाइटचं एक एकक बनताना आठ प्रोटॉन मोकळे होतात, आणि त्यातलं काही हिस्टिडिन झेलतं. २००१ साली अमेलोजेनिनचं जनुक बंद केलेले उंदीर तयार झाले. त्यांचे दात खडूसारखे पांढरे होते, इनॅमल पातळ होतं आणि त्यातली स्फटिकांच्या दांड्यांची नक्षी गायब होती. इनॅमल होतं खरं, पण त्याला इनॅमल म्हणायचं ते केवळ जागेवरून.

सेंट्रिंग काढायला दोन कात्र्या आहेत, प्रथिनं कापणारी दोन विकरं. पहिली एमएमपी-२०, इनॅमल ओतणं चालू असतानाच ती अमेलोजेनिनचे ठरलेल्या जागी तुकडे पाडते. दुसरी केएलके-४, जाडी पूर्ण झाल्यावर, पक्वतेच्या काळात ती येते आणि उरलेलं बारीक करून टाकते. तुकडे पेशी शोषून घेतात, मोकळ्या जागेत कॅल्शियम आणि फॉस्फेट शिरतं, आणि आतापर्यंत अडवलेले स्फटिक जाडीत वाढून एकमेकांना भिडतात. इनॅमलची कठीणता या शेवटच्या टप्प्यात येते. प्रथिन जागेवर अडून राहिलं तर स्फटिक बारीकच राहतात, मध्ये प्रथिन आणि पाणी उरतं, प्रकाश विखुरतो, दात धुरकट दिसतो आणि प्रोब रुततो. माझ्या प्रोबला जे लागलं होतं ते हेच होतं, न काढलेलं सेंट्रिंग.

अहवाल

जनुकीय चाचणीत अमेलोजेनिनच्या जनुकात एकाच अक्षराचा बदल निघाला, २०८व्या जागी सी ऐवजी ए. त्यामुळे प्रथिनात प्रोलिनच्या जागी थ्रिओनिन. आताच्या मोजणीत ही ७०वी जागा, पण जुन्या लेखांत हाच बदल ४१वा म्हणून येतो. मोजायला कुठून सुरुवात केली यावर ते अवलंबून. मला हे माहीत नव्हतं, आणि दोन वेगळे बदल समजून मी एक संध्याकाळ वाया घालवली. तोच मुलात, तोच आईत अर्ध्या प्रमाणात. बहिणीत नाही.

हा बदल आधी वर्णन केलेला आहे आणि त्याची चाल समजलेली आहे. एमएमपी-२० ज्या जागी अमेलोजेनिनला कापते, तिच्या अगदी शेजारीच ही प्रोलिन बसते. ती बदलली की कात्री त्या जागी नीट लागत नाही, कापण्याचा वेग मंदावतो. मुलाच्या अमेलोब्लास्टांनी काम चोख केलं होतं : प्रथिन बनवलं, बाहेर सोडलं, पूर्ण जाडी घातली. फक्त जे काढून न्यायचं ते निघालं नाही. म्हणूनच एमएमपी-२० किंवा केएलके-४ या कात्र्यांच्या जनुकांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलांचे दातही असेच दिसतात. कात्री बोथट झाली काय किंवा कापड चिवट निघालं काय, शिवण सारखीच बिघडते. नुसत्या दातांकडे पाहून या तिघांना वेगळं सांगणं मला जमलं नसतं. आईच्या रेघांनी सांगितलं.

एक प्रश्न माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने विचारला, आणि तो रास्त होता. अमेलोजेनिनचं एक जनुक वाय गुणसूत्रावरही असतं, मग मुलाला त्याचा आधार का मिळाला नाही? वाय वरची प्रत काम करते, पण एक्सच्या तुलनेत सुमारे दहा टक्केच प्रथिन देते. दहा टक्क्यांवर दात उभा राहत नाही. गंमत म्हणजे याच दोन प्रतींमधल्या सहा अक्षरांच्या फरकावर न्यायवैद्यक प्रयोगशाळा नमुना बाईचा की पुरुषाचा ते ओळखतात. एक्सचा तुकडा १०६ अक्षरांचा, वायचा ११२. ज्यांनी दातांचं कधी नाव काढलं नाही अशा पोलीस तपासांतही त्यामुळे अमेलोजेनिन हा शब्द आलेला असतो.

आईचे प्रश्न वेगळे होते. "हाडंपण अशीच कच्ची असतील का?" भीती समजण्यासारखी होती, पण इथे मॅट्रिक्सचं प्रथिन कोणतं यावर सगळं ठरतं. कोलॅजेन १ हाडांतही असतं आणि डेंटीनमध्येही. त्यात दोष असला तर हाडं सहज मोडतात आणि कित्येकदा डेंटीनही बिघडून दात निळसर-करडे दिसतात. डेंटीनचं स्वतःचं प्रथिन, डीएसपीपी, बिघडलं तर दात तसेच दिसतात पण हाडं शाबूत राहतात. अमेलोजेनिनचं काम इनॅमलपुरतं. या मुलाचं डेंटीन एक्स-रेत निर्दोष होतं, मुळांचे आकार नेहमीचे, हाड मोडल्याचा इतिहास नाही. त्यामुळे इथे ठामपणे 'नाही' म्हणता आलं. ठाम उत्तर देता येण्याची संधी आमच्या धंद्यात क्वचित येते, ती मी घेतली.

"मग हे प्रथिन औषध म्हणून देता येत नाही का?" नाही. घेणारं आता कोणी नाही. दात उगवला तेव्हाच अमेलोब्लास्ट गेले. विरोधाभास असा की डुकरांच्या घडत्या दातांतून काढलेला, मुख्यतः अमेलोजेनिन असलेला अर्क दंतवैद्यकात खरोखरच वापरला जातो, पण तो हिरडीच्या रोगाने झिजलेला दाताभोवतीचा आधार पुन्हा वाढवण्यासाठी. इनॅमलसाठी नाही.

उपचार

यात माझ्याकडून झालेली एक चूक सांगण्यासारखी आहे. दाढा आधी वाचवायच्या हे ठरलेलं होतं, कारण त्या झिजल्या की चावण्याची उंचीच जाते. चार पहिल्या दाढांना चार भेटींत स्टीलच्या कॅप बसवल्या. भूल द्यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. वर्षानुवर्षं थंड-गरम सोसून आतला लगदा चिडलेला होता आणि अशा दातांवर भूल नीट चढत नाही. आम्ही घाई केली नाही. चौथ्या कॅपनंतर तो खुर्चीतून उतरताना म्हणाला, "आता इकडून चावता येतं," आणि दोन्ही गाल दाखवले.

पुढच्या दातांवर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लावलं. नेहमीच्या पद्धतीने, ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाने पृष्ठभाग खरवडून. सात आठवड्यांत उजव्या दातावरचा थर अख्खाच्या अख्खा निघाला. मुलाने तो कागदात गुंडाळून आणला होता. थराची आतली बाजू भिंगाखाली पाहिली तर तिला इनॅमलचा पिवळट भुगा चिकटलेला होता. म्हणजे कॉम्पोझिट दगा देत नव्हतं, खालचं इनॅमलच सुटून येत होतं. आम्ल खनिज विरघळवून बारीक खड्डे पाडतं आणि त्या खड्ड्यांत चिकटद्रव्य अडकतं. इथे खड्डे पडायच्या जागी प्रथिन बसलेलं. अहवाल माझ्याच टेबलावर होता, त्यात प्रथिन अडून राहिल्याचं कारण स्पष्ट होतं, आणि तरी मी निरोगी दातासारखं वागले.

दुसऱ्या खेपेस रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लावून ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने एक मिनिट पृष्ठभाग धुतला आणि मग आम्ल लावलं. हायपोक्लोराइट प्रथिन खातं. एमएमपी-२० आणि केएलके-४ ने दात घडताना करायचं राहिलेलं काम, निदान वरच्या थरापुरतं. सगळ्याच चाचण्यांत याचा फायदा दिसलेला नाही, हे आईला आधी सांगितलं होतं. या मुलात तो थर टिकला. वर्षाच्या तपासणीला एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता, तो तिथल्या तिथे भरला. वाढ पूर्ण झाल्यावर, हिरडीची कडा स्थिरावली की पक्क्या कॅप. तोवर जे आहे ते सांभाळायचं. पुढे येणाऱ्या दाढा आणि सुळे याच रंगाचे असणार, म्हणून प्रत्येक नवा दात हिरडीतून डोकावताच त्याने यायचं असं ठरलं आहे. वरच्या बाजूच्या दोन दातांच्या वेळी त्याने स्वतःच आईला आठवण केली.

आईच्या दातांना मी हात लावला नाही. ते दुखत नव्हते, झिजत नव्हते. तिला हवं असेल तर रेघा झाकता येतील असं म्हटलं. तिने आरशात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "राहू देत. आता कळलंय ना कशाच्या आहेत."

दोन महिन्यांनी तिचा भाऊ आला. वेळ घेतली होती दाताची कॅप सैल झाल्याची म्हणून. कॅप पाचच मिनिटांत बसली. मग तो उठेना. लग्न ठरत होतं, आणि त्याला विचारायचं होतं ते बहिणीसमोर विचारायचं नव्हतं. बोलताना हात तोंडापर्यंत गेलाच.

मी कागद घेऊन चौकोन आणि वर्तुळं काढली. त्याच्याकडून मुलाला वाय जातं, एक्स जात नाही. मुलाचं एक्स आईकडून येतं. त्याच्या मुलग्यांना हा दोष त्याच्याकडून मिळणार नाही, एकालाही नाही. मुली झाल्या तर त्याचं एकुलतं एक्स प्रत्येकीला मिळणार. प्रत्येकीच्या दातांवर बहुधा उभ्या रेघा असतील आणि त्यांच्या मुलांचा प्रश्न पुन्हा निम्म्या शक्यतेचा.

"रेघा म्हणजे ताईसारख्या?"

"हो. ताईसारख्या."

त्याने तो कागद मागितला, घडी करून खिशात ठेवला, आणि जाताना दारात वळून हसला. हात खिशावरच होता.